सुनेच्या तोंडची नावं

थाफेनी, ३ मार्च १९९६

साखुम्झी भावोजी,

तुमच्या लेकीने, योनेलाने, तुमचं पत्र दिलं. ब्लँकेटही दिलं. पत्र ठेवून घेतलं, ब्लँकेट तिच्याच हाती परत पाठवते आहे. घडी मोडलेली नाही, दुकानदार कुरकुर न करता परत घेईल.

इतक्या वर्षांनी वहिनीची आठवण झाली म्हणायची. गुडघे कसे आहेत, मका कसा आला, छप्पर गळतं का, सगळं विचारलंत. दोन पानं नुसती गोड. तिसऱ्या पानावर खरं दुखणं बाहेर आलं. नदीपलीकडच्या जोंगिलांगाने अर्ज केलाय की थाफेनीचं घराणं त्शावेंच्या राजकुळातलं नाहीच. तुमचा मूळ पुरुष म्हणे राजाकडे गुरं राखायला होता आणि धनी मेल्यावर धन्याचं कुळ लावून बसला. आता मे महिन्यात सरकारी साहेब चौकशीला येणार. त्याच्याबरोबर मोठ्या गादीकडचा एक म्हातारा येणार, ज्याला वरची सगळी नावं ठाऊक आहेत, म्हणजे थापा चालणार नाहीत. त्शावेपासून आजपर्यंतची पिढी न पिढी तोंडाने सांगायची, कोण थोरल्या घरचा आणि कोण उजव्या घरचा ह्यासकट. नाही सांगता आली तर थाफेनी जोंगिलांगाच्या हाताखाली. तुमची गादी गेली, गाडी गेली, उम्तातातलं विटांचं घरही गेलं.

आणि आपला भाट सांडलाना गेल्या हिवाळ्यात वारला. त्याने कुणाला शिकवलं नाही, कारण त्याच्यापुढे कुणी बसलंच नाही. तुम्ही मिशनच्या कॉलेजात लॅटिन शिकलात, आजोबांच्या वर तुम्हाला एक नाव येत नाही. तुमचे चुलतभाऊ इतकी वर्षं गादीभोवती बसून ज्वारीची बिअर ढोसतात, त्यांनाही येत नाही. मग कुणीतरी तुम्हाला सांगितलं की वहिनीला येतं.

येतं. मी सून म्हणून ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुमच्या बहिणींनी मला चुलीमागे बसवलं आणि एकेक नाव सांगितलं. शिकवायला नाही, बंदी घालायला. हे नाव तोंडातून येता कामा नये, ते नाव येता कामा नये, त्यांच्यासारखा आवाज असलेला साधा शब्दसुद्धा नाही. चुकलीस तर माहेरी जा आणि दंडाची बकरी घेऊन ये. आजेसासऱ्यांच्या नावात पाणी आहे, म्हणून त्या दिवसापासून मी पाण्याला पाणी म्हटलेलं नाही, दुसराच शब्द वापरते. जे बोलायचं नाही ते आधी घोकावं लागतं. तुम्हा पुरुषांना नावं घ्यायची मोकळीक होती, म्हणून तुम्ही खुशाल विसरलात.

आता तुम्ही लिहिता, "वहिनी, योनेलाला फक्त लिहून द्या, तोंडाने कुठे घ्यायचीत?" वा, भावोजी. लिहिणं म्हणजे घेणंच. मी ह्या घरची सून आहे. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घेऊ नयेत, ही रीत तुम्हीच मला चारचौघांत समजावून सांगितली होती. मी काही विसरलेली नाही.

योनेला पोर चांगली निघाली. शाळेत शिकवते, संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते. तिचा राग मला नाही.

मासिऱ्हा


थाफेनी, २४ मार्च १९९६

भावोजी,

ह्या खेपेचं पत्र जरा कमी गोड होतं. बरं वाटलं, अक्षराची ओळख पटली.

विचारता, "असा काय गुन्हा केला मी?" बसा, सांगते.

तुमचे दादा गेले तेव्हा माझा लुबाबालो शाळेत जात होता. दादा थोरल्या घरचे, तुम्ही उजव्या घरचे, सासऱ्यांच्या दुसऱ्या बायकोचे. गादी तुमच्याकडे चालत आली नव्हती, तुम्हीच चालत तिच्याकडे आलात. मला म्हणालात, "वहिनी, पोरगा पुरुष होईपर्यंत मी नुसती खुर्ची राखतो." मी तुमच्या माणसांना मका आणि घेवडा शिजवून घातला. तुमच्या पाहुण्यांसाठी बिअर गाळली. लुबाबालो डोंगरावरून सुंता होऊन आला, अंगावरची पांढरी माती धुतली, नवं ब्लँकेट पांघरून दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, चला, आता माझं काम संपलं.

मग तुम्ही सभा बोलावलीत. पुरुष गुरांच्या गोठ्यात, आम्ही बायका कुंपणाबाहेर. तुम्ही उठून म्हणालात की लग्नात मासिऱ्हाचं मोल म्हणून जी गुरं तिच्या माहेरी गेली ती प्रजेने दिलेली नव्हती, दादांनी आपल्या गोठ्यातली दिली. म्हणून ती प्रजेची आई नव्हे, थोरली राणी नव्हे, नुसती बायको. आणि तिचा मुलगा वारस नव्हे, नुसता मुलगा.

घरोघरून एकेक जनावर गोळा झालं होतं, भावोजी. तुमच्या माफुया काकांनी स्वतः हाकत माझ्या बापाच्या दारी आणलं होतं. त्यांच्या पायाला काटा लागला होता, माझ्या आईने तो काढला. मी कुंपणापाशी उभी राहून म्हटलं, "काकांना विचारा." काका जमिनीकडे बघत बसले. त्यांच्या मुलाला तुम्ही त्याच महिन्यात ऑफिसात चिकटवलं होतं.

तेव्हा तुम्ही हसलात. आयुष्यात पहिल्यांदा मला अगं-तुगं केलंत. "एवढी प्रजेची आई आहेस ना, मग आमच्या घराण्याची नावं घेऊन दाखव. त्शावेपासून बाबांपर्यंत. घेतेस? मग ऐकतो आम्ही तुझं." सगळा गोठा हसला. सगळी नावं माझ्या जिभेवर होती. एक जरी उच्चारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघा, हिला सासरची लाज नाही, हिचा मुलगा काय गादी चालवणार. आणि नाही उच्चारलं तर, बघा, हिला काही येत नाही. मी मूग गिळून खाली बसले. लुबाबालोने ते पाहिलं. आठवडाभरात तो केप टाउनच्या बसमध्ये बसला. आता तिथे गोदीत माल उतरवतो. नाताळला चार ओळी येतात, गावाचं नावही त्यात नसतं.

हा गुन्हा. अजून कुठला हवा होता?

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मला जवळ बसवून आमच्या बाजूची गोष्ट सांगितली होती. तुमच्याकडे ती त्शावेचा पराक्रम म्हणून सांगतात. आमच्या सिऱ्हांच्या घरात अशी सांगतात. न्कोसियाम्न्तू राजाचे मुलगे तीन. थोरला सिऱ्हा, मग ज्वारा, आणि धाकट्या घरचा त्शावे, आजोळी वाढलेला. बाप गेल्यावर सिऱ्हा गादीवर बसला. रीत अशी की शिकार कुणीही मारो, थोरल्याचा वाटा थोरल्याच्या दारी पोचवायचा. त्शावेने हरीण मारलं आणि वाटा पाठवला नाही. सिऱ्हाने मागितला. हा म्हणतो, मारलं मी, खाणार मी. त्यावरून जुंपली. ज्वारा सिऱ्हाच्या बाजूने उभा राहिला, तरी दोघंही हरले, कारण त्शावेने आजूबाजूची माणसं आधीच फोडली होती. तेव्हापासून सिऱ्हा रयत आणि त्शावे राजे. गोष्ट संपवून वडील म्हणाले, "पोरी, मोठ्या घरी चाललीस. पण ते मटण वाटायला बसतील तेव्हा डोळे उघडे ठेव." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

जोंगिलांगा काहीही बरळू दे, तुम्ही रक्ताने त्शावेच आहात ह्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. थोरल्याचा वाटा गिळायची एवढी हातोटी गुराख्याच्या पोराला यायची नाही.

मासिऱ्हा


थाफेनी, १९ एप्रिल १९९६

भावोजी,

तुम्ही पाठवलेले माफुया काका काल येऊन गेले. काठी टेकत, धापा टाकत आले, आणि आल्या आल्या माझ्या चिलमीतली तंबाखू मागितली. दिली. म्हातारं माणूस आहे.

आधी म्हणाले, "सूनबाई, गावाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "गावाला तुम्हीच विचारा, काका, त्या दिवशी गावाने कुणाची बाजू घेतली." मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचं घराणं पुसलं जाईल." मी म्हटलं, "मी सिऱ्हांची मुलगी. त्शावेंचं एक घराणं पुसलं गेलं तर माझ्या माहेरी बैल कापतील." हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले नाही. गेले कितीतरी दिवस मी उन्हात बसून हाच विचार करते आहे. मला काही करायचंच नाहीये. नुसतं गप्प बसायचं आहे, आणि ते तर तुम्ही मला उत्तम शिकवलं आहे. त्या जुन्या हरणाच्या मटणाचा हिशोब एका बाईच्या गप्प बसण्याने फिटेल. माझे वडील कबरीत कुशीवर वळतील, समाधानाने.

काकांनी चिलमीत आणखी तंबाखू भरली. मग त्यांनीच युक्ती काढली. असं ह्या घरात पूर्वी कधी झालेलं नाही, पण ते म्हणाले की बंदी ज्यांच्या मानासाठी आहे त्यांनाच विचारलं तर? गोठ्यात बकरी कापू, पूर्वजांना हाका मारू, त्यांना सांगू की ह्या सुनेचं तोंड ह्या कामापुरतं मोकळं करा. बकरी ओरडली तर त्यांचा होकार. नाही ओरडली तर विषय संपला.

मी म्हटलं, चालेल. माझी एकच अट. मला जमीन नको, गुरं नकोत, माफी तर मुळीच नको, ती चुलीत घाला. फक्त जिथे मला खाली बसवलंत तिथे, त्याच गोठ्यात, पूर्वजांशी बोलायला काका नाही, तुम्ही उभे राहायचं. आणि बोलताना माझी ओळख नीट करून द्यायची. कोण ही बाई, कुठल्या घरची, तिची गुरं कुणी दिली. आपल्या पूर्वजांपुढे अनोळखी बाईला कसं उभं करणार?

काकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. म्हणाले, "सूनबाई, एवढंच?"

एवढंच. चार शब्द. तुम्ही शिकलेले आहात, बकरी आणि गोठा ह्या सगळ्याला तुम्ही आडून हसता हे मला ठाऊक आहे. मग चार शब्द बोलायला तुमचं काय जातं?

मासिऱ्हा


थाफेनी, २ मे १९९६

भावोजी,

हो म्हणालात. ठीक. बकरी पांढरी आणा, आणि धडधाकट आणा. बाजारातलं मरतुकडं आणून ते ओरडलं नाही तर मला दोष देऊ नका.

मासिऱ्हा


थाफेनी, १ जून १९९६

भावोजी,

तुमचं पत्र हातात धरवत नव्हतं, इतकं तापलेलं. "फसवलंस", "दगा दिलास", "म्हातारपणी शोभतं का". पुन्हा अगं-तुगं. हरकत नाही, आता सवय झाली.

दगा कसला? गोठ्यात तुम्ही उभे होतात, मी कुंपणाबाहेर. कोट-टाय घालून आला होतात, योनेलाने टाय काढायला लावला. मी तुम्हाला एक शब्दही शिकवला नाही. तुम्ही तुमच्या तोंडाने म्हणालात, "थोरल्या घरच्या लोकांनो, ही तुमची सून मासिऱ्हा. हिची गुरं सगळ्या थाफेनीने दिली. ही प्रजेची आई आहे. हिचं तोंड मोकळं करा." घाईघाईत म्हणालात, बसची वेळ झाल्यासारखं. आणि काकांनी भाला टोचला तेव्हा ती बकरी अशी ओरडली की नदीपलीकडे जोंगिलांगाच्या बायकांनीही ऐकलं म्हणतात. सगळे पुरुष म्हणाले, "झालं, झालं, त्यांनी ऐकलं." तुम्ही हातरुमालाने बूट पुसत होता.

तिथेच तुमचं चुकलं, भावोजी. तुम्हाला वाटलं, गोठ्यात बोललेलं गोठ्यात राहतं. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. मिशनच्या कॉलेजात तुम्हाला शिकवलं असेल की मेलेल्यांशी बोलणं म्हणजे वाऱ्याशी बोलणं. पण गोठ्यातल्या बाकीच्यांना असं कुणी शिकवलं नव्हतं. जिवंत माणसांना दिलेला शब्द आपल्याकडे रोज मोडतात. मेलेल्यांना दिलेला कुणी मोडत नाही. गोठ्यातल्या सगळ्यांना गुरं आहेत, पोरं आहेत, त्यांना कशाला नसतं विघ्न ओढवून घ्यायचं?

साहेबापुढे मी उभी राहिले. नवं निळं लुगडं, डोक्याला फडका, हातात काही नाही. मोठ्या गादीकडचा तो म्हातारा डोळे मिटून बसला होता. मी सुरू केलं. त्शावे. न्ग्च्वांगू. सिखोमो. तोगू. न्गकोंडे. त्शिवो. प्रत्येक नावावर म्हातारा हूं म्हणायचा. मग त्शिवोच्या धाकट्या घरापाशी आपली फांदी फुटली तिथे मी वळले, तसे त्याने डोळे उघडले. म्बोम्बो, ज्याने नदी ओलांडली. मग बाकीचे, एकेकाच्या आईसकट. मग आजेसासरे, मांझेझुलू. मग सासरे, व्हेलाफी. हे नाव तोंडातून आलं तेव्हा मला रडू फुटलं. चांगला माणूस होता. मला लेकीसारखं वागवलं, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही नावाने आठवू शकले नव्हते.

म्हातारा साहेबाला म्हणाला, "हे त्शावेच. असं रचून सांगता येत नाही." जोंगिलांगाचा चेहरा नासकं दूध तोंडात गेल्यावर होतो तसा झाला. तुम्ही हसायला लागलात. मी अजून बसले नव्हते, हे तुमच्या ध्यानात आलं नाही.

साहेबाने विचारलं, "व्हेलाफीच्या मागे?"

मी म्हटलं, "थोरल्या घरचा लुंगिसा, माझा नवरा. त्याच्या मागे प्रजेच्या आईचा मुलगा लुबाबालो."

"मग आज गादीवर जे आहेत ते कोण?"

"ते उजव्या घरचे. खुर्ची राखायला बसले होते. राखून झाली."

तुम्ही उठलात, ओरडलात की ही नुसती बायको आहे. मी काही बोलले नाही. मला बोलावंच लागलं नाही. माफुया काका काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "साखुम्झी, तू स्वतः पूर्वजांना सांगितलंस. आम्ही सगळे होतो. आता ते खोटं होतं असं म्हणणार असशील तर आधी गोठ्यात जाऊन त्यांना सांग, मग साहेबाला." कुणीच तुमच्याकडे बघेना. ज्यांना तुम्ही नोकऱ्या दिल्या होत्या तेही नाही. साहेबाने लिहून घेतलं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू? त्या रात्री मी दोन वाट्या जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून शेजारची पोर येत होती, तिला म्हटलं, "जरा पाणी दे गं." पाणी. पोर माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

लुबाबालोला तार केली आहे.

मासिऱ्हा


थाफेनी, २० ऑक्टोबर १९९६

भावोजी,

योनेला म्हणाली, तुमच्या पायाची जखम भरत नाही, साखर वाढली आहे, डॉक्टर अंगठा काढायचं म्हणतात. काळजी घ्या. हे मी मनापासून लिहिते आहे. तुम्ही पुष्कळ जगावं असं मला खरंच वाटतं.

पत्राचं अक्षर वाकडंतिकडं होतं, पण वाचलं सगळं. ह्या वेळी तुम्ही काही मागितलं नाहीत, नुसतं विचारलंत. लुबाबालोला गादीवर बसवलं त्या दिवशी तुम्ही मागे, लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला होतात. बिबट्याचं कातडं त्याच्या खांद्यावर चढलं, लोकांनी नव्या नावाने त्याला वंदन केलं, आणि मग योनेला पुढे आली. बाई भाट थाफेनीत पहिल्यांदाच, म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली होती. पण तिने पहिलं नाव घेतलं आणि सगळे गप्प झाले. आवाज तुमच्या आईचा आहे तिला. तुम्ही लिहिता की तुमची छाती अभिमानाने भरून आली, तुम्ही शेजाऱ्याला म्हणालात, माझी मुलगी. मग ती सासऱ्यांपाशी आली, मग लुंगिसापाशी आली, आणि तुम्ही काठी घट्ट धरून थांबलात. गादी राखणाऱ्यासाठी एक ओळ असते. सांडलाना ती नेहमी म्हणायचा. फार नाही, एक ओळ. नाव आणि खुर्ची राखली एवढंच. आणि ती लुंगिसावरून सरळ लुबाबालोवर गेली.

तुम्ही विचारता, "वहिनी, माझी स्वतःची मुलगी माझं नाव विसरली का? की तुम्ही तिला शिकवलंच नाही?" आणि खाली लिहिता, "माझ्यासाठी नको, पण माझी नातवंडं उद्या कुणाची म्हणून सांगतील?"

ही काळजी तुमची खरी आहे. नावं अशी गळतात आणि मग परत सापडत नाहीत. म्बोम्बोला एक भाऊ होता म्हणतात. त्याने काय केलं ते आता कुणाला आठवत नाही, नावही कुणाला आठवत नाही. त्याची पोरंबाळं कुठे गेली हे मला विचारू नका, मलाही कुणी सांगितलं नाही. आता कदाचित ती कुणाची तरी गुरं राखत असतील.

पण मी तिला शिकवलं नाही हा आरोप मात्र खोटा आहे. सगळा हिवाळा ती माझ्या चुलीपाशी बसली. मी नाव घ्यायचे, ती म्हणायची. शेवटाला आलो तेव्हा तिनेच विचारलं, "मोठी आई, आणि बाबा? त्यांची ओळ असते ना?"

मी म्हटलं, "असते."

ती म्हणाली, "मग ती कशी म्हणायची?"

मी तिला ती ओळ सांगितली, तुमच्या नावासकट, शब्द न शब्द. तिने ती दोनदा म्हणून पाहिली. छान बसत होती तिच्या तोंडात. मी म्हटलं, "घालायची की नाही ते भाटाने ठरवायचं असतं, पोरी. तोंड तुझं आहे."

मग ती म्हणाली, "लुबाबालो दादाला गादी नकोच होती ना तेव्हा? बाबा म्हणायचे, तो प्यायला लागला होता, म्हणून तुम्हीच हात जोडून त्यांना बसायला सांगितलंत."

असं सांगितलं होतं तर तुम्ही तिला. त्या सभेच्या वेळी ती बोर्डिंगात होती, तिला काय ठाऊक. मला हे ठाऊक नव्हतं, भावोजी, शपथेवर सांगते. माझ्या पोराला तुम्ही दारुडा केलंत हे मला त्या दिवशी, तुमच्या मुलीच्या तोंडून कळलं.

मी तिला सांगितलं. काही वाढवलं नाही. वाढवायची गरजच नव्हती. कुंपण सांगितलं, गोठा सांगितला, काकांचं खाली बघणं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं, आणि तुम्ही कसे हसलात तेही करून दाखवलं. तुमच्या हसण्याची नक्कल मला चांगली जमते, इतकी वर्षं ते कानात आहे.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. उठली, उतू जाणारं मक्याचं भांडं खाली उतरवलं, हात पुसले आणि परत येऊन बसली. म्हणाली, "मोठी आई, एकदा पहिल्यापासून म्हणते. चुकले तर थांबवा."

ती म्हणत गेली. त्शावेपासून. मांझेझुलू, व्हेलाफी, लुंगिसा, लुबाबालो. मी कुठे थांबवलं नाही.

संपल्यावर मी तिला विचारलं, "कुणी राहिलं का गं?"

ती म्हणाली, "नाही, मोठी आई. सगळे आले."

मासिऱ्हा